ओळंब्यातली भिंत

आज इथे आखातात, आमच्या झिंजच्या बिल्डिंगमध्ये जिन्याला प्लास्टर चाललंय. ओल्या सिमेंटचा वास घरात आला आणि ती जुनी संध्याकाळ आठवली.

आमचे हे गवंडी. तेव्हा कुणा पैसेवाल्याच्या हौसेसाठी बागेत किल्ला बांधत होते, तोही मुद्दाम पडका. तिथे राजा नव्हता, लढाई नव्हती, नुसती पडझड विकत घेतलेली. पडकं बघायचं तर आमच्या गावी यावं, फुकट दिसेल.

शिफ्ट सुटल्यावर हे मला काम दाखवायला घेऊन गेले. कोपऱ्याची भिंत त्यांनी ओळंबा लावून उभी केली होती. तिच्यावर हात फिरवत म्हणाले, "बघ, केसाचाही फरक नाही."

तेवढ्यात सुपरवायझर आला. "अरे मिस्त्री, इतना सीधा किसने बोला? टूटा हुआ मंगता है. यल्ला, तोडो!"

"वाकडं बांधायला हात वळत नाही, साहेब," हे मराठीतच म्हणाले. मग त्यांनीच घण उचलला. मला लाज वाटली, तीही त्यांचीच. मी खाली मान घालून चपलेवरची धूळ बघत राहिले.

परतताना त्यांनी विचारलं, "भिंत कशी होती गं?"

"साहेब सांगतो तसं करावं," मी म्हटलं.

ते सोंग अजून उभं आहे. पडका किल्ला आणखी पडू नये म्हणून त्याला सिमेंट लावतात, आणि लोक कौतुकाने फोटो काढतात. सरळ भिंत बघायला मात्र त्यांनी मला एकटीलाच नेलं होतं, आणि चांगली आहे एवढंही मी म्हटलं नाही.