गोधडीची मागची बाजू

इथे आखातात, अमवाजला, आमच्या इमारतीत एक जपानी बाई राहतात. त्यांनी हाताने शिवलेल्या गोधड्या मागच्या शुक्रवारी खालच्या हॉलमध्ये मांडल्या होत्या. गडद निळ्या कापडाचे तुकडे आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे टाके, एकही वाकडा नाही. लोक गोधड्यांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. टाके कुणी बघतच नव्हतं, त्यानेच माझं डोकं फिरलं. मी एका गोधडीचं टोक उलटलं. आमच्याकडे शिवण अशीच पारखतात, मागे गाठी दिसतात का ते आधी बघतात.

"हात मत लगाओ," व्यवस्था बघणारी बाई खेकसली. माझी मुलगी लाजून बाजूला सरकली.

"फोटो काढणारे चालतात, आणि टाके बघणारी चालत नाही?" मीही हिंदीत सुनावलं.

आवाज ऐकून जपानी बाई आल्या. त्यांनी अख्खी गोधडी उलटून माझ्यापुढे धरली. मागे एक गाठ दिसेल तर शपथ.

"असं बघायला कुणी शिकवलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आईने. ती गोधड्या शिवायची."

"तिची एखादी इथे आहे? मला बघायचीय."

आहे, म्हणाले. पण आईने स्वतःच्या लुगड्यांची शिवून दिलेली ती गोधडी मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरलीय, आणि ती मधोमध करपलीय, हे सांगायला तोंड उघडेना. मघाशी लोकांवर केवढी उखडले होते मी.