विमानाचं हिरवं शेपूट

विमानदळात मी पंधरा वर्षं विमानं दुरुस्त केली, यावर पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत एकाच माणसाचा विश्वास होता. माझ्या आईचा. विहाराच्या ओट्यावर बसून ती सगळ्यांना सांगायची, "माझा ल्योक इमानं दुरुस्त करतो." त्यावर शेजारची काकी फिसकन हसायची. "दुरुस्त नाय गो, तिथं झाडू मारत असंल." मग आई घरी येऊन भांडी आपटायची.

नोकरी संपवून मी गावाकडच्या हायस्कुलात कार्यशाळेचा मास्तर झालो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विमानदळानं आमच्या शाळेला एक जुनं विमान दिलं. दोन बैठकांचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं, उडण्यातून बाद झालेलं. सोबत पत्र होतं: वर्षानं अधिकारी तपासायला येतील, नीट ठेवलं नसेल तर विमान परत नेऊ. आई रोज चालत जाऊन ते बघून यायची. काकी म्हणाली, "आलंय खरं, टिकलं तर म्हणा!"

आता विमानाच्या वस्तू आमच्याकडे मिळणार कुठून? ट्रकमधून उतरवतानाच शेपटाखालचं चाक मोडलं. तिथे मी बिरवाडीच्या एका कारखान्यातल्या ढकलगाडीचं चाक बसवलं. पावसाचा मारा अडवायला घराभोवती बांधतात तशी पेंढ्याची झड बांधली, तर विमानाचा पार गोठा झाला. एवढं सगळं खपलं. पण शेपटाचं उभं पातं कापडी होतं, ते कुजून फाटलं. नव्या कापडावर एक खास रोगण मारावं लागतं, म्हणजे ते आक्रसून ताठ होतं. महाडच्या बाजारात मागितलं, तर दुकानदार विचारतो, "दाराला पायजे का खिडकीला?"

"खळ लाव की रे," आई म्हणाली.

तिनं तांदळाची घट्ट खळ शिजवली, मी मांजरपाट शिवून ताणलं. वाळल्यावर टिचकी मारली तर हलगीसारखं वाजलं. मी भलताच खूश झालो.

तपासणीला चार दिवस उरले होते. सकाळी जाऊन बघतो तर पात्याचा नुसता सांगाडा! शेजारी काकीचा बोकड उभा, तोंडातून मांजरपाटाची चिंधी लोंबतेय. भाताची खळ लावलेलं कापड बोकडाच्या तोंडासमोर ठेवणारा गाढव मीच, पण राग काढला आईवर. "तुझ्या खळीनं घात केला! आता विमान जाणार, आणि वाडी परत तुलाच हसणार." ती चुलीपुढे जाऊन बसली. तिनं भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं मला.

संध्याकाळी ती शाळेत आली. काखेत तिचं हिरवं लुगडं, फक्त बुद्धपौर्णिमेला नेसायची ते. हातात करंजाच्या बियांच्या तेलाची, करंजेलाची बाटली.

"खळच लावायची. वरनं करंजेल फासू. कडूजार असतं, बोकडाचा बापबी तोंड लावणार नाय."

लुगड्यावर कात्री चालवायला माझा हात धजेना. तिनंच चालवली.

पुण्याहून अधिकारी आले. ढकलगाडीचं चाक बघून मिशीत हसले. शेपटाशी मात्र थांबले. हिरव्या पात्यावर लाल काठ उभा, आणि करंजेलाचा वास सगळ्या पटांगणात!

"हे काय आहे?"

 आई पुढे झाली. "माझं लुगडं हाय, सायेब. ल्योकानं बशिवलंय." आणि बोकडासकट सगळं सांगून मोकळी झाली. साहेब पंखाला टेकून पोट धरून हसले. मग पातं डावी-उजवीकडे फिरवून बघितलं, टिचकी मारली, मी कुठं काम केलं ते विचारलं आणि एक कागद लिहून हातात दिला.

घरी येऊन मी तो आईला वाचून दाखवला. "शेपटाचं पातं: लुगडं, तांदळाची खळ, करंजेल. काम पक्कं. दुरुस्ती करणारे विमानदळाचे माजी फिटर आहेत. विमान शाळेकडेच राहावं."

"मला काय वाचून दावतोस?" आई म्हणाली. "मला ठाऊकच व्हतं. अंगणात जा नि मोठ्यांदा वाच. तिला ऐकू जाऊ दे, तिच्या बोकडालाबी जाऊ दे."

मी अंगणात उभा राहून तीनदा वाचला.