बिनधुराच्या चुलींचा तांडा

ग्रामसेविकेची नोकरी मी हौसेने धरली नाही. लग्नानंतर दीड वर्षात नवऱ्याने मला नेरला वडिलांच्या घरी आणून सोडले आणि नंतर तो आलाच नाही. वडील प्राथमिक शाळेतले मास्तर, निवृत्तीला टेकलेले. मी सातवी पास होते. घरी बसून बायकांच्या चोळ्या शिवत होते. शिवायला येणाऱ्या बाया माप देता देता नवऱ्याची चौकशी करायच्या, म्हणून मला ते काम नकोसे झाले होते. तेवढ्यात वडिलांनी कुठून तरी ग्रामसेविकेच्या प्रशिक्षणाचा अर्ज आणला. "एक वर्ष शिकणं आहे, मग सरकारी नोकरी," ते म्हणाले. "कोणी काही इचारनार नाही तुले." एवढ्यावरच मी सही केली.

वर्षभराने, १९५९ च्या पावसाळ्यानंतर, मला कळंबच्या पुढे आडरस्त्याला असलेल्या एका गावी नेमले. त्या गावाला लागून चार वस्त्या माझ्याकडे होत्या. त्यातली एक बंजाऱ्यांचा तांडा. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल वाहणारी ही माणसे आता कापूस आणि ज्वारी पिकवत होती. गावापासून तांडा अर्ध्या तासाच्या चालीवर. मध्ये एक नाला. त्या नाल्याच्या रेतीत खड्डा करून बाया पाणी काढायच्या. त्याला झिरा म्हणतात. वाटीवाटीने पाणी भरायचे, घागर भरायला बराच वेळ लागायचा. मी पहिल्यांदा तांड्यात गेले तेव्हा घरी एकही बाई नव्हती. सगळ्या झिऱ्यावर होत्या.

मला शिकवायची होती बिनधुराची चूल. मातीची, दोन तोंडांची, मागून नळी काढून धूर छपराबाहेर सोडणारी. प्रशिक्षणात मी ती उत्तम बांधली होती. आमच्या शिक्षिकेने माझी चूल सगळ्या मुलींना दाखवली होती. त्यामुळे मला वाटत होते की या कामात तरी मी कमी पडणार नाही.

तांड्याच्या नायकाची बायको पन्नाशीची होती. उंच, हातभर बलिया, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, घातलेली, बोलायला सावकाश. तिला सगळे नायकीण म्हणत. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बांधा माह्या घरी. बाकीच्या पाह्यतीन मंग."

दोन दिवस खपून मी तिच्या घरी चूल बांधली. माती तिच्या सुनांनी मळली, नळ्या गावच्या कुंभाराकडून आणल्या. छपराला भोक पाडताना नायक थोडा कुरकुरला, गवताचे छप्पर पेटेल म्हणाला, पण नायकिणीने त्याला गप्प केले. चूल सुकली, आम्ही पेटवली. पहिल्या दिवशी सगळा धूर घरात परत आला. मी नळी हलवली, तोंड लहान केले. मग धूर थोडा कमी झाला, पण भाकरी फुगेना.

चौथ्या दिवशी गेले तर नायकिणीने चुलीचे तोंड खुरप्याने फोडून मोठे केलेले.

"हे काहून केलं?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"बाई, आमच्याकडं जळन काय? पऱ्हाटी," ती म्हणाली. "येवढी लांब पऱ्हाटी तुमच्या येवढ्याशा तोंडात जाते का? मी पऱ्हाटी मोडत बसू का भाकर करू?"

कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या त्या काटक्याच आमच्या भागातले सरपण. नेरला आमच्या घरीही तेच जळायचे. मला हे आधीच सुचायला हवे होते. तिने मला नीट समजावून सांगितले होते. मी चूल बदलून बघायला हवी होती. पण मी दुखावले गेले. माझ्या चांगल्या चुलीची या बाईने नासाडी केली, एवढेच मनात घेऊन परतले आणि महिनाभर तांड्यात फिरकले नाही.

महिनाअखेरीस ऑफिसात आम्हा ग्रामसेविकांची बैठक असायची. प्रत्येकीने उठून महिन्याचे काम सांगायचे. माझ्या आधी उठलेल्या बाईंनी भराभर चुली, सांडपाण्याचे शोषखड्डे, शिवणवर्ग सांगितले. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि तोंडातून निघाले, "तांड्यात सात चुली." खरे म्हणजे एक होती आणि तीही फुटलेली. साहेबांनी मान डोलावली. "तांड्यात? तिथं तर कोणी ऐकत नाही म्हणतात. छान." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून नाही, काम करणारी बाई म्हणून पाहिले. ते मला इतके गोड लागले की पुढच्या महिन्यात मी सात चुलींच्या चौदा केल्या, आणि उन्हाळ्याआधी पूर्ण तांडा बिनधुराचा करून टाकला. कागदावर.

मग ऑफिसातून एक छापील तक्ता आला. ज्या वस्तीत काम पूर्ण झाले तिची माहिती भरून द्यायची होती. चुली, शोषखड्डे, साक्षर बाया, पिण्याच्या पाण्याची सोय. पाण्याच्या रकान्यापाशी मी थांबले. बाकीचे सगळे 'होय' आणि इथे 'नाही' लिहिले तर कोणी तरी बघायला येईल, असे वाटले. झिऱ्याचे का असेना, पाणी मिळतेच, असे मनाशी म्हणून मी 'आहे' लिहिले आणि खाली सही केली.

बघायला मात्र त्यामुळेच आले. यवतमाळहून मोठे साहेब आणि बाहेरचे दोन पाहुणे आमचा तांडा पाहणार आहेत, असा निरोप आला. चार दिवस हातात होते. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तांड्यात गेले.

नायकीण अंगणात कापसाच्या ढिगाभोवतीची जागा झाडत होती. मी तिला सगळे सांगितले. काय लिहिले, कितीदा लिहिले, सगळे. पाण्याच्या रकान्याचे तेवढे सांगितले नाही. ते जणू मी स्वतःच विसरले होते. बोलता बोलता मी रडायला लागले.

ती केरसुणी धरून उभी राहिली. "तुमची नवकरी जाईन का?"

"जाईल."

"मंग रडून का होते? किती दिवस हायेत?"

"तीन."

तिने सुनेला हाक मारली आणि त्यांच्या बोलीत काही सांगितले. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडच्या दहा घरांत माती मळणे सुरू झाले. बाया दिवसभर कापूस वेचून आलेल्या होत्या, झिऱ्यावरून पाणी आणून त्याच पाण्याने माती मळत होत्या. माझ्यावर कोणी रागावले नाही. एक म्हातारी हसत म्हणाली, "बाई, चूल दाखवाची हाये का पेटवाची?" मी म्हटले, दाखवायची. त्यावर सगळ्या हसल्या आणि मीही हसले. आता ते आठवते तेव्हा कानाची पाळी तापते.

पाहुण्यांच्या दिवशी चुली पांढऱ्या मातीने सारवून, वर बोटांनी नक्षी काढून तयार होत्या. स्वयंपाक पहाटेच मागच्या अंगणात तीन दगडांवर उरकला होता. साहेबांनी तीन घरे पाहिली. एका पाहुण्याने नायकिणीला विचारले, "धूर कमी झाला का बाई?"

"धूर नाई आता साहेब," ती म्हणाली. खोटे नव्हते, कारण चूल पेटलीच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

साहेब खूश झाले. निघता निघता थांबून त्यांनी विचारले, "आणखी काही अडचण आहे का तुमची? बोला."

नायकीण पुढे झाली. ओढणी सावरून तिने सुरुवात केली, "साहेब, एकच हाये. आमचं पान्याचं..."

"पाण्याची सोय आहे साहेब," मी मध्येच म्हणाले. "तक्त्यात दिलेली आहे."

हे मी इतक्या झटकन आणि इतक्या नीट आवाजात म्हटले की साहेबांना काहीच वावगे वाटले नाही. त्यांनी "बरं, बरं" म्हटले आणि जीपकडे वळले. नायकीण माझ्याकडे बघत राहिली. तिला समजले नव्हते. मग हळूहळू समजले, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. तिने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि घरात गेली. मी जीपमागून ऑफिसात गेले. तांड्यात परत जाऊन तिचे आभार मानायचेही मला जमले नाही.

सहा महिन्यांत माझी बढती झाली. यवतमाळला मुलींना शिकवायला मला घेतले. राहायला खोली मिळाली, वडिलांना मी माझ्याकडे आणले. प्रत्येक तुकडीला नव्या मुली यायच्या आणि मी त्यांना बिनधुराची चूल बांधायला शिकवायचे. तोंड लहानच ठेवायचे. पऱ्हाटीचे मी कोणालाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर ते मला कुठे कळले, हेही सांगावे लागले असते.

१९६१ च्या हिवाळ्यात एका दुपारी नायकीण माझ्या खोलीवर आली. कापसाने भरलेल्या बैलबंड्या बाजारात आल्या होत्या, त्यांच्याबरोबर. माझा पत्ता विचारत विचारत आली होती. वडिलांनी तिला चटईवर बसवले. मी चहा केला. तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली, खोली चांगली आहे म्हणाली. मग कामाचे बोलली.

"सरकारी विहिरीची यादी झाली औंदा. आमचा तांडा नाई त्याच्यात. नायक इचाराले गेलते. बाबू म्हने, तुमच्याकडं पानी हाये, कागद हाये आमच्याकडं. त्याच्यावर तुमची सही हाये म्हंते."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमी फक्त लिहून द्या, चुकून झालं म्हून. आमी कोनाले चुलीचं सांगत नाई. तुमच्या नवकरीले काई होऊ देत नाई आमी."

"बघते," मी म्हटले. "लिहिते मी."

"लिहा बाई. उन्हाळ्याच्या आंधी."

तिने चहा संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, वडिलांना नमस्कार केला आणि गेली. वडिलांनी विचारले, "कोन होती ती?" मी म्हटले, "पहिल्या गावची." "काय लिहाचं म्हने?" "काही नाही, अर्ज आहे एक."

अर्ज मी बऱ्याचदा लिहायला बसले. 'चुकून' हा शब्द लिहिला की पुढे जाता यायचे नाही. चुकून काहीच झाले नव्हते. आणि पाण्याचे खोटे निघाले तर कोणी चुलींचेही बघेल, ती भीती होतीच. वडील थकले होते. माझी नोकरी गेली तर आम्ही दोघे पुन्हा नेरला, पुन्हा चोळ्या, पुन्हा तीच चौकशी. अशी कारणे मी रोज मोजायचे. हिवाळा गेला, होळी गेली.

वैशाखात आमच्याकडे नवी तुकडी आली. त्यातली एक मुलगी त्या तांड्याशेजारच्या गावची होती. वर्गात मी सहज विचारले, तिकडे पाण्याचे कसे आहे. ती म्हणाली, "नाल्याचा झिरा आटला बाई. तांड्यातल्या बाया आमच्या विहिरीवर येतात. पण गावच्या बायांचं भरून झाल्याशिवाय त्यांना दोर टाकू देत नाहीत. दुपार होते. एक उंच म्हातारी असते, ती सगळ्यांत शेवटी भरते. बाकीच्यांना पुढं जाऊ देते."

मी वर्ग तसाच सोडून बाहेर आले आणि त्याच दिवशी अर्ज लिहिला. 'चुकून' लिहिले नाही. चुली, तक्ता, भेटीच्या दिवशी मी काय बोलले, सगळे लिहिले. साहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"हे दिलंच पाहिजे का?" त्यांनी विचारले. "विहिरीचं आपण दुसऱ्या रीतीनं बघू."

"मागच्या हिवाळ्यात बघता आलं असतं साहेब," मी म्हटले. "तेव्हा मी आले नाही."

माझी शिकवण्याची जागा गेली. सेवापुस्तकात शेरा बसला आणि मला पुन्हा ग्रामसेविका म्हणून दुसऱ्या तालुक्यात धाडले. नोकरी राहिली. तांड्याचे नाव पुढच्या यादीत आले. विहीर बांधून होईपर्यंत आणखी एक उन्हाळा गेला.

नायकीण मला त्यानंतर एकदा भेटली, कळंबच्या बाजारात. केस पूर्ण पांढरे झालेले. मीच पुढे गेले. ती म्हणाली, "झाली विहीर. गोड पानी लागलं." मी म्हटले, "माझ्यामुळं तुमचे दोन उन्हाळे गेले." तिने नाही म्हटले नाही. "गेले खरं," म्हणाली आणि सुनेबरोबर पुढे निघाली. मी तिची माफी मागायला गेले होते. ते शब्द तोंडातच राहिले.

पुढच्या वर्षांत ही हकीकत आमच्या खात्यात पसरली, पण वेगळ्याच रूपात. स्वतःहून चूक कबूल करणारी बाई, बढतीवर पाणी सोडणारी बाई. १९६८ साली माझी बदली झाली तेव्हा निरोपाला एक तरुण अधिकारी उभे राहून हेच बोलले. टाळ्या झाल्या. त्या गोष्टीत हिवाळ्यातली ती दुपार नव्हती, होळीपर्यंतचे महिने नव्हते, आणि जीपजवळ उभे राहून मी तोडलेले वाक्यही नव्हते. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.