खळ्यावरच्या करवंट्या

‘‘संगणकाच्या भाषेत एखादी माहितीची रचना उभी करायची असेल आणि ती केवढी होणार हे आधी ठाऊक नसेल, तर तिच्यासाठी जागा राखून ठेवत नाहीत. ‘हीप’ नावाच्या मोकळ्या साठ्यातून हवी तेवढी जागा मागून घेतात, तिचा पत्ता जवळ ठेवतात आणि काम सरले की ती परत करतात. हीच पद्धत माझ्या आजोबांनी पन्नासच्या दशकात गिरीज गावातल्या सुकेळ्यांच्या खळ्यावर सुरू केली होती.’’

आमच्या समाजाच्या यंदाच्या स्मरणिकेत हे छापून आले आहे. लिहिणारा कॉलेजात संगणक शिकवतो. त्याचे आजोबा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ; मी त्याला दादा म्हणत असे. संगणकाविषयीची वाक्ये खरी असावीत. मी ती नातीकडून दोनदा समजावून घेतली आणि दोन्ही वेळा मला माझेच खळे दिसले. शेवटचे वाक्य मात्र धादांत खोटे आहे.

आमच्या वाड्यांत नारळी-पोफळींची सावली इतकी दाट, की जमिनीवर ऊन पडतच नसे. पिकलेली राजेळी केळी सोलून वाळवायची, म्हणजे सुकेळी करायची, तर बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठचे सामाईक खळे हीच काय ती उन्हाची जागा. तिथे प्रत्येक घराचा पट्टा वाडवडिलांपासून ठरलेला असे. केळी मात्र पट्टा पाहून पिकत नाहीत. एका घरची एकदम पिकून माश्या घोंघावू लागत आणि शेजारचा पट्टा रिकामा ऊन खात पडलेला असे, कारण त्या घरचे घड अजून हिरवे असत. आमच्याच ओटीवर आईची केळी काळी पडताना मी पाहिली, आणि त्या रिकाम्या उन्हाचा मला राग आला. दादाला तसा राग येण्याचे कारण नव्हते. त्याच्या घरचा पट्टा खळ्यावर सर्वांत लांब होता.

मी ठरवले ते असे. पट्टे कुणाचेच नाहीत. खळ्याच्या प्रत्येक तुकड्याची एक करवंटी, तिच्या कडेला खाचा. त्या खाचांवरून रांग आणि जागा कळावी. करवंटी खळ्याकडेच्या चिंचेवरच्या खिळ्याला असेल तर जागा मोकळी. ती काढून घरी न्यावी, तेवढ्या जागेवर केळी पसरलेल्या बांबूच्या तट्ट्या मांडाव्या, सुकेळी उचलली की करवंटी परत टांगावी. लागून असलेल्या दोन जागा मोकळ्या झाल्या, तर दोन्ही करवंट्या एका सुंभात ओवाव्या, म्हणजे ज्याचा माल मोठा त्याला सलग जागा मिळेल. हातात करवंटी नसेल त्याने खळ्यावर तट्टी टाकू नये.

हे मी दादाला बावखलाच्या पायरीवर बसून सांगितले, कारण बैठकीत वडीलधारी माणसे त्याचे ऐकत. त्याचे सगळेच ऐकत. गणपतीतल्या नाटकात नायक तोच, आरतीत वरचा सूर त्याचाच. माझी स्वतःची आई मला जेवायला वाढताना म्हणे, ‘‘त्याच्याकडे बघ जरा. चालतो कसा, बोलतो कसा!’’ 

बैठकीत तो उभा राहिला आणि माझे शब्द माझ्यापेक्षा चांगले बोलला. मी त्याच्या मागे करवंट्यांची टोपली धरून उभा होतो. 

‘‘डोके आहे हो पोराला!’’ कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘ती टोपली आण रे इकडे.’’ 

मी टोपली दिली. दादाने माझे नाव घेतले नाही. ज्याला मत्सर म्हणायचे त्याने खुशाल म्हणावे. मला त्याचा मत्सर वाटे, तो वारल्यावरही वाटतो, आणि आज ती स्मरणिका हातात धरली तेव्हाही वाटला. पण मत्सरी माणसाची साक्ष खोटीच असते, असे कुठे ठरले आहे?

पहिलाच हंगाम. वैशाख सरत आला होता, आभाळ भरू लागले होते आणि आईची उरलेली सगळी केळी एकदम पिकली. खळ्यावर मधोमध एक लांब जागा रिकामी होती. चिंचेवर तिची करवंटी नव्हती. 

‘‘दादाकडे असेल,’’ शेजारची काकू तट्टी झटकत म्हणाली. ‘‘त्यांची सुकेळी कधीच बांधून झाली. आता नाटकातला हा नवरदेव करवंटी हुंड्यात मागतोय वाटते!’’ 

बायका हसल्या. मी दादाच्या घरी गेलो. करवंटी त्याच्या माजघरात देवांच्या फळीवर होती, तेल लावून चकचकीत केलेली. 

‘‘दादा, ती परत टांगायची असते.’’

‘‘असू दे रे. पहिल्या वर्षाची आठवण आहे. जागा तर मोकळीच आहे ना? मांडा तुमच्या तट्ट्या.’’

‘‘करवंटीशिवाय?’’

‘‘मी सांगतो ना!’’

घरी येऊन सांगितले, तर आई ऐकेना. ‘‘आणि उद्या हीच करवंटी घेऊन त्याच्या घरचे कुणी आले, तर कुणी कुणाची केळी उचलायची? नियम तुम्हीच केलात ना?’’ 

तिने ‘तुम्ही’ म्हटले ते मला नव्हे, दादाला धरून. तेही मी गिळले. ती जागा पाऊस येईपर्यंत रिकामी राहिली आणि आमची केळी गुरांपुढे गेली. पुढच्या हंगामात मी त्या तुकड्याची नवी करवंटी कोरली, तेव्हा कुठे तो खळ्याला परत मिळाला.

दादाच्या नातवाने लेखासोबत पुरावा म्हणून एक छायाचित्र दिले आहे. दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत एक खाचांची करवंटी, आणि खाली ओळ : ‘आजोबांनी अखेरपर्यंत जपलेली.’ लोक ते पाहतात आणि मला म्हणतात, ‘‘आबा, तुमच्याकडे आहे का असे काही?’’ 

नाही. माझ्या घरी एकही करवंटी नाही. मी नेलेली प्रत्येक करवंटी त्या चिंचेवर परत टांगली होती.