भाचीची राखण करायला बर्फात गेलो तेव्हा

गोष्ट नव्वदच्या दशकातली, लिहायला इतकी वर्षं लागली. माझी भाची नेहा तेव्हा कॉलेजात होती आणि तिला हिवाळ्यात डोंगर चढायचं वेड लागलं होतं. हिमस्खलन ओळखायचा कोर्सही केला होता तिने. माउंट वॉशिंग्टनला जाते म्हणाली, तर श्रूजबरीला राहणाऱ्या ताईने, म्हणजे तिच्या आईने, अट घातली, "मामा बरोबर असेल तरच." मला तसंही एका जागी बसवत नाही. शुक्रवारी हाफ डे टाकला आणि निघालो.

श्रूजबरीहून साडेतीन-चार तास धरा. ९३ नंबरचा हायवे साफ असतो, पण पुढच्या घाटरस्त्यावर टायर घसरतात, तेव्हा उजेडी पोचा. मोटेल अडतीस डॉलर, हीटर खडखडणारा. रात्री ताईचे मेथीचे पराठे खाल्ले. बर्फावर चालायचे जाळीचे बूट पायथ्याशी भाड्याने मिळतात, मोजे मात्र दोन जोड जास्तच न्या.

सकाळी पायथ्याच्या फळ्यावर हिमस्खलनाचा धोका लिहिलेला होता : मध्यम.

"मध्यम म्हणजे सेकंड क्लास. पास आहे, चल," मी म्हटलं.

नेहा हसली नाही. "मामा, मॉडरेटमध्येपण लोक मरतात."

दोन-अडीच तास चढल्यावर झाडी संपली. समोर उन्हात पांढराशुभ्र उतार. आता, इमारतींच्या पायासाठी माती तपासणं हा माझा धंदा. वाटेकडेच्या सपाटीवर मी खड्डा खणला, थरांत बोट खुपसून पाहिलं. घट्ट होते. "पाया उत्तम," मी निकाल दिला.

"हा खड्डा इथलं सांगतो. दॅट स्लोप इज डिफरंट. रात्रभर वाऱ्याने तिथे बर्फ आणून टाकलाय."

त्याच दिशेला तोंड असलेल्या एका बुटक्या चढावर तिने दुसरा खड्डा खणला. बर्फाचा एक खांब चारी बाजूंनी सुटा केला, वर फावडं ठेवलं आणि हाताने हलकेच थापटलं. चौथ्या थापेला वरचा हातभर थर सपकन पुढे सरकला. खाली साखरेसारखे सुटे दाणे होते, वरच्या थराला धरून ठेवणारं काहीच नाही.

"परत जाऊ या," ती म्हणाली.

एवढी गाडी हाकून परत? "एका सॅम्पलवरून मी कधी रिपोर्ट देत नाही," मी म्हटलं. ती सामान आवरत होती, तेवढ्यात "जरा त्या उताराच्या कडेपर्यंत बघून येतो" म्हणून मी सटकलो. कडेला थांबलो नाही. वीसेक पावलं आत गेलो असेन, तर पायाखाली खोल ‘धप्प’ असा आवाज आला आणि माझ्यासकट तो सगळा भाग बोटभर खाली बसला. माझ्या पुढून एक बारीक चीर वर धावत गेली. मी घाबरलो.

मागून नेहाचा आवाज आला, अगदी शांत. "मामा, स्टॉप. आता तुझ्याच पावलांवरून मागे ये. हळू."

मी निमूटपणे ऐकलं. वीस पावलांना किती वेळ लागला, माहीत नाही. बर्फ पुन्हा हलला नाही. ती कडेवरच उभी होती, आत आली नव्हती. मी जवळ पोचल्यावर मात्र तिने माझी बाही घट्ट धरली. "तुला काही झालं असतं, तर मी आईला काय सांगणार होते?" ती रडत म्हणाली.

जाणार असाल तर फळा नीट वाचा, कोर्स केलेल्या माणसाबरोबर जा, आणि ते माणूस मागे फिरा म्हणालं की मागे फिरा. वयाने लहान असलं तरी.

घरी ताईने चहा टाकला. "तू बरोबर होतास म्हणून मी निर्धास्त होते," ती मला म्हणाली. नेहा गप्प होती. मलाही गप्प बसता आलं असतं.

"ताई, हिने मला जिवंत आणलंय," म्हणून मी सगळं सांगितलं.

ताईने गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता नेहाला म्हणाली, "पुढच्या वेळी मैत्रिणींबरोबर जा. मामा नको."

पुढच्या हिवाळ्यात ती तशीच गेली. ते योग्यच होतं. निघायच्या सकाळी ‘जपून जा’ म्हणायला मी फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि ठेवून दिला.