कूलरच्या जागेतून गेलेली मांजर

मांजर घरात कशी सांभाळावी, हे आख्ख्या जळगावात माझ्याइतकं कोणाला कळत नाही. आमची एकदाच बाहेर पळाली, आणि तिला वाट मीच करून दिली होती.

मी डाळमिलमध्ये हमाल. शाळेशी माझं जमलं नाही, पोत्यांशी जमलं. घर मिलच्या मागच्या भिंतीला लागूनच. गोदामात उंदरांसाठी औषधाच्या पिठाच्या गोळ्या ठेवायचं कामही माझ्याकडेच. आमचं पहिलं मांजर असाच औषध खाल्लेला उंदीर खाऊन मेलं. औषध कोणी ठेवलं, हे घरवालीनं विचारलं नाही. चार दिवस माझ्याशी बोललीच नाही.

म्हणून ही दुसरी आणली तेव्हा तिनं सांगून टाकलं, ही उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मी खिडक्यांना केळीच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी ठोकली. त्यात अंगठाही ठोकला. मांजरीला खेळायला पोती शिवायची सुतळी आणली. ती बसून बघायची आणि मीच खेळायचो.

उन्हाळा लागला, कूलरचं गवत बदलायचं होतं. खिडकीला लावलेला कूलर ओढून अंगणात घेतला आणि जुनं गवत झटकत, शिंकत बसलो. खिडकीत आता माणूस जाईल एवढं भोक पडलंय, हे काही डोक्यात आलं नाही.

घरवाली बाहेर आली. "मांजर कोठे शे?"

माझ्या हातातलं गवत खालीच पडलं. त्याच सकाळी मी गोदामात गोळ्या ठेवल्या होत्या.

पळत गेलो. मांजर माझ्या आवाजाला येत नाही हे माहीत होतं, म्हणून पोत्यांच्या थप्पीत रांगत घरवालीसारखा बारीक आवाज काढून हाका मारल्या. मुकादमानं बाहेरून विचारलं, आत कोणाची बाई शिरली. मांजर थप्पीखालीच होती. माझ्याकडे बघितलं आणि आणखी आत सरकली.

मग घरवाली आली, अनवाणी, दुधाची वाटी वाजवत. एकाच हाकेत मांजर तिच्या पायाशी. तिनं आधी मांजरीचं तोंड उघडून बघितलं, वास घेतला. मी गोळ्या बघून आलो, बठ्ठ्या जागेवर होत्या, एकही कमी नव्हती. पण औषध खाल्लेला एखादा उंदीर मांजरीनं आधीच पकडला असला तर? दोन दिवस घरवाली मांजरीला मांडीवरून खाली उतरवेना. मीही कामावरून घरी येऊन दारातूनच विचारायचो, दूध प्यायली का.

तिसऱ्या दिवशी मांजरीनं माझी सुतळी ओढली. मला इतका आनंद झाला की मी लगेच कूलरभोवती पत्रा ठोकला, दाराला नवी कडी बसवली आणि घरवालीला म्हटलं, बघ, आता मुंगीसुद्धा बाहेर जायची नाही.

तिनं कडी वर-खाली करून बघितली. म्हणाली, "आते कडी लावानं मी मांजरलेच शिकाडसू. तुमनापेक्षा लवकर शिकी."