झाडाच्या सावलीतला सूर्य

माझी आत्या हवामान केंद्रात तेहतीस वर्षं निरीक्षक होती. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, मग छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं टिपायचे. दुसरं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आमची आत्या म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. ऑफिसात तिला 'डागवाली' म्हणत, आणि ती खुशाल ओ देई.

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेरीत वाढतात आणि ओसरतात. पहिल्या दोन फेऱ्यांत तिला दिसलं, डाग कमी की पाऊसही कमी. ती हरखून गेली. तिसऱ्या फेरीत मात्र डाग जवळपास नाहीसे झाले आणि पाऊस धो धो कोसळला.

तिच्या निवृत्तीला महिना उरला असताना साहेबांनी वरच्या बैठकीसाठी तिच्या डागांचा आणि पावसाचा आलेख काढला. म्हणाले, "बाई, शेवटची दोन वर्षं गाळून टाकू. आलेख पसंत पडला तर केंद्र वाचेल, नाहीतर टाळं लागेल."

"पाऊस मी मोजलाय. मी नाही गाळणार."

साहेबांना दाखवायला म्हणून तिनं जुन्या वह्या काढल्या आणि स्वतःच तोंडघशी पडली. दुसऱ्या फेरीतल्या तिन्ही कोरड्या वर्षांत, शेऱ्याच्या रकान्यात, तिचंच अक्षर: 'झाडाची फांदी मापकावर आली आहे. छाटणे.' छाटली कुणी नव्हती. दुर्बीण उन्हात ठेवून कागद ती त्याच फांदीच्या सावलीत धरायची, म्हणजे डाग स्वच्छ दिसत. पाऊस फांदीनं अडवला होता आणि नाव सूर्याचं झालं होतं. पुढे वादळात झाड पडलं, मापक मोकळं झालं.

"आत्या, गप्प बस ना," मी म्हणालो. "कोण बघतंय त्या वह्या?"

"मी बघतेय की."

बैठकीत ती उठली आणि तो शेरा मोठ्यानं वाचला. "दुसरी फेरी माझ्या चुकीची. तिसरी खरी. जुळणारी राहिली फक्त पहिली. एका फेरीवर पावसाचे अंदाज सांगायची मला लाज वाटते."

साहेब लालबुंद झाले. "तेहतीस वर्षांचं काम मातीत घातलंत तुम्ही."

"आलेख गेला, साहेब. काम वहीत आहे."

केंद्राला टाळं लागलं. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. आठवड्याभरात तिनं आमच्या गच्चीच्या मधोमध स्वतःच्या पैशानं मापक बसवलं आणि शेजारी दुर्बीण. सावली नाही, म्हणून डोक्यावरून काळं कापड ओढून घामाघूम होत ती डाग टिपत बसते.

"नक्की कळायला किती फेऱ्या लागतील?" मी विचारलं.

"अजून तीन तरी."

"तेव्हा तू एक्क्याण्णवची असशील, आत्या."

"मग? वही जाडच आणलीय मी."